दाखला काढून गेलेला कीपर

स्मरणिकेसाठी लिहा असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा बाकीच्यांनी बाईंच्या, सहलीच्या, गॅदरिंगच्या आठवणी लिहायला घेतल्या, त्या वाचायला मलाही आवडतील, पण मला लिहायचंय शाळेच्या क्रिकेट टीमबद्दल आणि त्यातही शाळा सोडून गेलेल्या मुलांबद्दल. कारण माजी विद्यार्थी संघाच्या परवाच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं की पोरं जरा बरी खेळायला लागली की दाखला काढून मोठ्या शाळेत जातात, शाळेबद्दल काही वाटतच नाही त्यांना. मला हे अजिबात पटलं नाही आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

आमच्या वेळी पण जात होती की. मी 1990 च्या दहावीचा. आठवीत असताना टीमचा विकेटकीपर माझ्याच बाकावर बसायचा आणि मी दोन नंबरचा कीपर, म्हणजे मॅचच्या दिवशी पाणी न्यायचं, स्कोअरबुक लिहायचं आणि कोणाचं बोट सुजलं तर फील्डिंगला उभं राहायचं. बॅट्समन सहा-सात खेळतात, बोलर चार-पाच लागतात, कीपर मात्र एकच, त्यामुळे समोरचा फिट असेपर्यंत दुसऱ्याला चान्स नाही. तो माझ्यापेक्षा चांगला होता हे मला दिसत होतं. लेगस्टंपच्या बाहेरचा बॉल तो असा घ्यायचा की ग्लोव्हजचा आवाजच यायचा नाही.

त्याच वर्षी, फेब्रुवारी 1988 मध्ये, आझाद मैदानावर मुंबईच्या शाळांच्या हॅरिस शील्ड स्पर्धेच्या सेमीफायनलला शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने सेंट झेवियर्सविरुद्ध 664 रन्सची पार्टनरशिप केली. सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349. आमच्याच वयाची पोरं! पेपरातलं ते कात्रण वर्गात इतकं फिरलं की घडीवर फाटलं. आणि सचिन आधी वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलला होता, त्याचे कोच आचरेकर सर यांच्या सांगण्यावरून शाळा बदलून शारदाश्रमला आला, हे तेव्हा मैदानावरच्या प्रत्येक पोराला माहीत झालं.

जूनमध्ये आमचा कीपर गेला. त्याचे वडील दाखला मागायला आले तेव्हा मी ऑफिसच्या बाहेरच उभा होतो, गिरण्यांच्या संपानंतर त्यांची गिरणीतली नोकरी सुटली होती, आणि नव्या शाळेने फी माफ करू सांगितलं होतं. मुख्याध्यापकांनी शांतपणे विचारलं, इथे काय कमी आहे. ते म्हणाले, "सर, कमी काही नाही, पण इथे एक मॅच हरली की पोरगं वर्षभर घरी बसतं." पी. टी. चे सर तिथेच होते, ते काही बोलले नाहीत, त्यांनी कपाटातून कागद काढला आणि नव्या शाळेतल्या सरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली, मुलगा मेहनती आहे, ओपनिंगला पण पाठवून बघा. स्वतःचा सगळ्यात चांगला खेळाडू जात असताना!

त्या वडिलांनी एका वाक्यात सगळं सांगितलं होतं. गाइल्स आणि हॅरिस या शाळांच्या दोन्ही स्पर्धा तेव्हा नॉकआउट, हरलात की संपलं. लहान शाळेच्या टीममध्ये जागा पटकन मिळायची पण सीझनच एका मॅचचा, आणि मोठ्या शाळेत तुम्ही रांगेत तिसरे-चौथे पण तिकडे मॅचेस संपायच्याच नाहीत. शाळा सोडणारं पोरगं नावासाठी जायचं असं लोकांना वाटतं, मला विचाराल तर ते ओव्हर्ससाठी जायचं.

नववीत ग्लोव्हज माझ्याकडे आले, शाळेचेच, उजव्या हाताचं रबर गुळगुळीत झालेलं, आतून त्याच्या घामाने कडक झालेले. हॅरिसची पहिली मॅच आझाद मैदानावरच पडली. तिथे एकाच वेळी इतक्या मॅचेस चालतात की आपला थर्डमॅन दुसऱ्याच मॅचच्या शॉर्टलेगला पाठ लावून उभा असतो. शेजारच्या पिचवर त्याच्या नव्या शाळेची मॅच होती, तो पांढऱ्याशुभ्र कपड्यात टेंटमध्ये बसलेला, राखीव. आमच्या ड्रिंक्सला तो पळत आला आणि हाय-हॅलो काही नाही, पहिलं वाक्य, "तू बॉल पडायच्या आधीच उठतोयस, खाली बस." लंचनंतर खाली बसून राहिलो आणि एक स्टंपिंग मिळालं. मॅच आम्ही हरलो, आमचं वर्ष संपलं. तो अख्खा सीझन राखीवच राहिला पण शाळेच्या आणि क्लबच्या प्रॅक्टिस मॅचेस मिळून दर दोन-तीन दिवसांनी कुठेतरी कीपिंग करत होता. दहावीत तो टीममध्ये होता आणि पुढे खेळावरच नोकरीला लागला.

664 च्या त्या मॅचमध्ये पुढच्या नंबरला अमोल मुझुमदार पॅड बांधून बसला होता, दोन दिवस. तोही बी. पी. एम. हायस्कूल सोडून शारदाश्रमला आलेला. त्याने पुढे रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध 260 केले, फर्स्टक्लासमध्ये 11 हजारांवर रन्स केले, तरी भारताकडून खेळायला मिळालं नाही. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्डकप जिंकला तेव्हा कोच तोच होता, आणि मी घरात एकटा टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

रोहित शर्माचं पण तेच. कोच दिनेश लाड सरांनी त्याला स्वामी विवेकानंद शाळेत बोलावलं, घरची परिस्थिती नव्हती म्हणून स्कॉलरशिप मिळवून दिली. पोरगा ऑफस्पिनर म्हणून आलेला, खाली आठव्या नंबरला जायचा, सरांनी त्याला नेटमध्ये बॅटिंग करताना पाहिलं आणि ओपनिंगला पाठवलं. शाळा बदलली हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला वर खेळायला मिळालं.

म्हणून माजी विद्यार्थी संघाला माझं कळकळीचं सांगणं आहे. बोलिंग मशीनसाठी वर्गणी काढायचं चाललंय, ती जरूर काढा, पण आधी मॅचेसचे पैसे बाजूला ठेवा. मैदानाचं भाडं, मॅटिंग, बॉल, अंपायरचं मानधन आणि पोरांचा वडापाव, इतकंच लागतं. ए टीमबरोबर बी टीम पण उतरवा, आजूबाजूच्या शाळांना बोलवा, आणि दोन नंबरच्या कीपरला निदान एका टीममध्ये पूर्ण इनिंग ग्लोव्हज घालायला मिळू देत. एवढं करूनही कोणी दाखला मागितला तर द्या, सोबत सरांसारखी चिठ्ठी पण द्या. रविवारी अंपायरिंगला मी येईन, आमचा जुना कीपरही यायला तयार आहे, त्याच्याशी बोलून झालंय.