आमची वाटचाल : स्वयंपुनर्विकासात सीसीआधीचा पैसा

आमची फर्म उभी राहिली ती स्ट्रक्चरल ऑडिट आणि दुरुस्तीच्या कामांवर. मुंबईच्या उपनगरांतल्या जुन्या तीन-चार मजली इमारती, गळणारे स्लॅब, सळ्या उघड्या पडलेले कॉलम. अहवाल हातात पडला की संस्थेचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: बिल्डर बघायचा की आपणच बांधायचं? 2019 मध्ये 4 जुलैला सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79(अ) खालची पुनर्विकासाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं आली, 13 सप्टेंबरला स्वयंपुनर्विकासाचा शासन निर्णय निघाला आणि आमच्याकडे ‘आपणच बांधायचं’ म्हणणाऱ्या संस्था येऊ लागल्या. आज आमच्या कार्यालयात इंजिनिअरांच्या जोडीला हिशेब आणि कर्जाची कागदपत्रं बघणारी माणसं बसतात. स्वयंपुनर्विकास बांधकामात फारसा अडत नाही, पैशाच्या वेळापत्रकात अडतो.

स्वयंपुनर्विकास करणारी गृहनिर्माण संस्था म्हणजे नफा न घेणारा विकासक. नफा घ्यायचा नसला तरी विकासकाचे सगळे खर्च तिला करावेच लागतात, आणि स्वतःचं भांडवल मात्र नसतं. सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न येतो, ‘बँक किती टक्क्यांनी देणार?’ आम्ही तो थोडा बाजूला ठेवतो आणि विचारतो, सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा पालिकेचा दाखला, हातात येईपर्यंतचा पैसा कोण देणार?

कारण कर्ज मंजूर झालं म्हणजे पैसा खात्यात आला असं होत नाही. पहिला हप्ता सोडण्याआधी बँकेला गहाणखत नोंदवलेलं हवं असतं, इमारत रिकामी हवी असते, बहुतेकदा सीसीही हवी असते. आणि सीसी मिळण्याआधी छाननी शुल्क, प्रीमियम (जादा बांधकामासाठी भरायची रक्कम), आर्किटेक्ट आणि पीएमसीची (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची) फी, माती परीक्षण, सभासदांचं सामान हलवण्याचा खर्च आणि भाड्याचे पहिले महिने, एवढं सगळं भरून झालेलं असावं लागतं. या फटीत प्रकल्प सापडतो.

ती बुजवायला आम्ही तीन-चार गोष्टी एकत्र वापरतो. सभासदांनी सुरुवातीला थोडी रक्कम घालायची. 40 सभासदांनी प्रत्येकी 2 लाख दिले तर 80 लाख होतात. ती वेगळ्या खात्यात ठेवायची आणि परत कधी, कशातून मिळणार हे ठरावातच लिहायचं, नाहीतर पुढच्या प्रत्येक सभेत तोच वाद. प्रीमियमला हप्त्यांची सवलत लागू असेल तर ती घ्यायची. टीडीआर, म्हणजे बाजारातून विकत घ्यायचा जादा बांधकामाचा हक्क, एकदम घ्यायचा नाही. जोत्यापर्यंतच्या कामाला तो लागत नाही, वरच्या मजल्यांच्या सीसीच्या वेळी लागेल तेवढा चढवायचा. कंत्राटदाराला जोत्यापर्यंत स्वतःच्या पैशाने काम करायला लावता येतं, पण तो त्याची किंमत दरात लावतो. ती किंमत महिन्याच्या व्याजात मांडून पाहिल्याशिवाय आम्ही हो म्हणत नाही. अनेकदा बँक स्वस्त पडते.

आता कागद. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे तिची मालकी संस्थेच्या नावावर होणं, झालेलं नसेल तर गहाण ठेवायला संस्थेकडे काहीच नाही. मालक किंवा बिल्डर दस्त करून देत नसेल तेव्हा मिळणारा मानीव अभिहस्तांतरणाचा आदेशही पुरत नाही. दस्त नोंदवून मिळकत पत्रिकेवर संस्थेचं नाव चढेपर्यंत आम्ही बँकेकडे फाइल नेत नाही. दुसरी अडचण कोणाच्या लक्षात येत नाही ती कर्जमर्यादेची. सहकारी संस्था नियम 1961 प्रमाणे संस्थेची एकूण देणी वसूल भागभांडवल, राखीव निधी आणि इमारत निधी यांच्या बेरजेच्या दहापटीपुढे नेता येत नाहीत. चाळीस सभासदांचं भागभांडवल प्रत्येकी 500 रुपयांनी 20 हजार. राखीव निधी 3 लाख आणि इमारत निधी 10 लाख धरले तरी मर्यादा येते 1 कोटी 32 लाख. कर्ज हवं असतं वीस-पंचवीस कोटींचं. त्यामुळे ही मर्यादा ओलांडायला लागणारी निबंधकांची मंजुरी हे काम बँकेच्या मंजुरीनंतरचं नाही, आधीचं आहे.

तिसरा कागद छोटा, पण डोकेदुखी मोठी. एखाद्या सभासदाने फ्लॅटवर गृहकर्ज घेतलेलं असतं. त्याचं भागपत्र त्याच्या बँकेत, संस्थेच्या दप्तरी त्या बँकेचा बोजा नोंदलेला. आता संस्था सगळी जमीनच दुसऱ्या बँकेकडे गहाण टाकणार. जुन्या बँकेचं ना-हरकत पत्र, नव्या फ्लॅटवर बोजा सरकवण्याची हमी, हे प्रत्येक कर्जदार सभासदामागे स्वतंत्र काम. असे पाच-सहा सभासद असतील तर आम्ही ते पहिल्याच महिन्यात हाती घेतो, कारण शाखेतून मुख्य कार्यालयात गेलेलं पत्र परत कधी येईल सांगता येत नाही.

पैसा देणारे कोण? मुंबईत जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने या कामाला हात दिला. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत जिल्हा बँका ज्यांत येतात त्या ग्रामीण सहकारी बँकांना निवासी प्रकल्पांना कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने 8 जून 2022 ला जाहीर केली, तीही एकूण मालमत्तेच्या 5 टक्क्यांच्या गृहवित्त मर्यादेतच. म्हणजे बँकेची इच्छा असली तरी खिडकी अरुंद आहे. नागरी सहकारी बँक एका कर्जदाराला तिच्या टियर-1 (मूळ) भांडवलाच्या 15 टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. 100 कोटी टियर-1 असलेली बँक 15 कोटींवर थांबते. मग दोन बँका एकत्र आणाव्या लागतात आणि कागद दुप्पट होतात. वित्त कंपन्या लवकर देतात, महाग देतात. त्यांच्याकडे आम्ही शेवटच्या टप्प्यासाठी जातो, पायासाठी नाही.

2019 च्या शासन निर्णयात व्याजावर 4 टक्के सवलतीचा उल्लेख आहे. आमच्या पैशाच्या तक्त्यात ती शून्य धरलेली असते. मिळाली तर आनंद आहे. तसंच प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मधल्या व्याज अनुदानाचं: घराची किंमत 35 लाखांच्या आत हवी. विक्रीचे फ्लॅट त्या किमतीत देऊन मुंबईतल्या संस्थेचा हिशेब जुळत नाही, हे वेगळं सांगायला नको.

कर्ज फेडायचं ते विक्रीच्या फ्लॅटमधून. म्हणून खरी बोलणी बँकेशी नसतात, सभासदांशी असतात. प्रत्येक सभासदाने आणखी 100 चौरस फूट मागितले की चाळीस जणांचे 4,000 चौरस फूट विक्रीतून जातात. चौरस फुटाला 25,000 चा दर धरला तर दहा कोटी. बँक साधारण विक्रीचं मूल्य कर्जाच्या दीड ते दोन पट असावं असं बघते, आणि ही दहा कोटींची कात्री बरोबर तिथेच लागते. सभेत हा एकच आकडा फळ्यावर लिहिला की चर्चा बरीच शांत होते.

विक्री करायची तर महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी आली; संस्था इथे प्रवर्तक ठरते. खरेदीदारांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात, आणि ते काढायचे आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांच्या दाखल्यांनी, झालेल्या कामाच्या प्रमाणात. 1 जुलै 2024 पासून तीन खात्यांची पद्धत आहे, आणि त्यातल्या खरेदीदारांचा पैसा जमा होणाऱ्या आणि 70 टक्क्यांच्या खात्यांवर बँकेचा बोजा चालत नाही. जुन्या साच्यातली कर्जाची कागदपत्रं मात्र विक्रीचा सगळा पैसा एस्क्रोमध्ये, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेच्या ताब्यातल्या खात्यात, मागतात. सही करण्याआधी ते कलम बदलून घ्यावं लागतं.

कर विसरले जातात ते असे. कंत्राटदाराच्या बिलावर 18 टक्के जीएसटी आहे आणि फ्लॅटविक्रीवरच्या जीएसटीच्या सध्याच्या दरात त्याची वजावट मिळत नाही. 20 कोटींच्या बांधकामावर 3 कोटी 60 लाख निव्वळ खर्चात जातात. सभेत दाखवलेल्या कितीतरी तक्त्यांत ही ओळच नसते.

आणि उशीर. 40 सभासदांना महिना 30 हजार भाडं म्हणजे 12 लाख. दहा कोटी उचललेले असतील आणि दर 12 टक्के असेल तर व्याज महिन्याला 10 लाख. सहा महिने काम रेंगाळलं की 1 कोटी 32 लाख, एकही वीट न रचता. म्हणून आमच्या तक्त्यात 36 महिन्यांच्या कामाला 42 महिन्यांचं भाडं असतं आणि कर्ज टप्प्याटप्प्याने उचललेलं असतं. कंत्राटात 5 टक्के रक्कम रोखून ठेवतो, आगाऊ रकमेला बँक हमी घेतो, आणि सिमेंट-स्टीलच्या दरवाढीचं सूत्र आधीच लिहून घेतो.

अलीकडे आम्ही काही कामं पहिल्या भेटीतच नाकारतो. उपनगरात रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर चढत नाही. 9 ते 12.20 मीटरच्या रस्त्यावर वेगळं मिळणारं फंजिबल क्षेत्र सोडून एकूण एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) 2.0 पर्यंत जातो, 12.20 ते 18.30 मीटरवर 2.2. छोट्या प्लॉटवर एवढ्यात सभासदांची घरं बसवून विक्रीला काही उरत नाही. तिथे आम्ही शेजारच्या संस्थांची मिळकत पत्रिका आणि रस्त्याची नकाशातली रुंदी काढून देतो आणि दोन प्लॉट एकत्र करायचे का, ते त्यांच्या दोन्ही समित्यांना एकत्र बसून ठरवायला सांगतो.