उंची सारखी, फ्रेम वेगळी

माउंटन बाईक घ्यायची म्हणून कुणी सल्ला मागितला की मी आधी विचारते, "पायाची आतल्या बाजूने लांबी किती?" बहुतेकांनी ती मोजलेलीच नसते. दुकानात विचारतात ती उंची. मग उंचीवरून फ्रेमची साईज सांगणाऱ्या तक्त्यावर बोट ठेवायचं आणि सांगायचं, मीडियम घ्या.

मी आणि माझी मावसबहीण, दोघींची उंची 167 सेंटिमीटर. तक्त्यात आम्ही एकाच रकान्यात येतो. पण माझे पाय 79 सेंटिमीटर आणि तिचे 74, म्हणजे तिचं धड माझ्याहून लांब. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलचा आस फ्रेममध्ये जिथे फिरतो त्या जागेच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची काढायचा जुना ठोकताळा आहे: पायाची लांबी गुणिले 0.883. माझी सीट 70च्या आसपास येते, तिची 65च्या. एवढा फरक असलेल्या दोघींना तीच फ्रेम कशी चालेल?

मोजायला पाच मिनिटं पुरतात. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक दोन्ही पायांच्या मधे सीटसारखं घट्ट वर दाबा, आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा. एकट्याने वाकून मोजलं की माप हमखास चुकतं.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ आहे. "26ची दाखवा" म्हणतात तो आकडा चाकाचा, फ्रेमचा नाही. फ्रेमचे 15, 17, 19 इंच हे सीटच्या नळीच्या लांबीचे, आणि आता त्यांच्यावरही फार विसंबता येत नाही. ड्रॉपर सीटपोस्टला, म्हणजे चालवताना बटण दाबून सीट वर-खाली करता येणाऱ्या दांड्याला, जागा हवी म्हणून ही नळी हल्ली मुद्दाम आखूड ठेवतात. बहिणीचंच उदाहरण घ्या. 43 सेंटिमीटरच्या नळीवर तिला सीटपर्यंत साधारण 22 सेंटिमीटर उरतात. त्यात 150 मिलिमीटर वर-खाली होणारा ड्रॉपर बसत नाही, कारण त्याची पकड आणि सीट यांनाही जागा लागते. नळी 40ची असली की बसतो.

मी सगळ्यात जास्त भर देते तो रीचवर. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यातून सरळ वर जाणारी रेघ मनात धरा. तिथून हेडट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या, हँडलखालच्या नळीच्या, वरच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. डोंगरवाटांवर चालवायच्या मीडियम माउंटन बाईकमध्ये (ट्रेल बाईक) आज ते 450 मिलिमीटरच्या आसपास असतं. कानिफनाथच्या डोंगरावरून दगडधोंड्यांच्या वाटेने उतरताना आपण सीटवर नसतोच, पायडलवर उभे असतो. तेव्हा शरीराला कळतं ते फक्त पाय आणि हात यांच्यातलं अंतर. सीट वर-खाली, मागे-पुढे कितीही सरकवा, रीच बदलत नाही. स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा छोटा जोड, बदलून हँडल जवळ-लांब करता येतं, पण थोडंच, आणि हँडलचं वळणंही त्याबरोबर बदलतं. म्हणून रीच फ्रेम घेतानाच बघायची.

बहिणीसाठी आम्ही मीडियमच घेतली, पण आखूड नळीची आणि वरचा दांडा उतरता असलेली. लांब धडाला तिची रीच पुरते, आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिलं की दांड्यावर पाच सेंटिमीटरहून जास्त मोकळी जागा राहते. त्याहून कमी असेल तर खडकाळ वाटेवर एकदम उतरावं लागलं की दुखापत ठरलेली. मला मात्र, धड आखूड म्हणून, त्याच कंपनीची स्मॉल बरी. सीटपोस्ट लांब लागतो, तेवढं चालतं. फक्त पोस्टवरची कमीत कमी आत राहायची खूण नळीच्या बाहेर दिसता कामा नये.

दुकानात गेलात तर सीटवर बसून "छान वाटतंय" म्हणू नका. सीट पूर्ण खाली करायला सांगा, उभ्याने चालवा आणि मोकळ्या जागेत आठचा आकडा काढा. हात ताठ होत असतील तर रीच जास्त आहे. वळताना गुडघे हँडलला लागत असतील तर कमी. दुकानात फक्त एकच साईज शिल्लक असेल तर थांबा, दुसरी मागवायला सांगा.