स्प्लिटच्या कांस्य दरवाजासमोर गेलेला सव्वा तास

क्रोएशियातील स्प्लिट येथे रोमन सम्राट डायोक्लेशियन याचा राजवाडा पाहण्यासाठी तिकीट लागत नाही, एवढी एकच गोष्ट मला आधी ठाऊक असती, तर जुलैच्या भर उन्हात आई-बाबांना सव्वा तास ताटकळत ठेवण्याची वेळ माझ्यावर आली नसती. त्या गोष्टीची चुटपुट अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहीत आहे.

दुब्रोव्निकहून पहाटेच्या बसने आम्ही स्प्लिटला पोहोचलो आणि बसस्थानकाजवळच सामान ठेवले. बंदरही तिथेच आहे आणि राजवाडा तेथून पायी दहा मिनिटांवर आहे. तीन वाजता झाग्रेबची बस होती, त्यामुळे वेळ वाया जाऊ नये म्हणून मी महिनाभर आधीच एका मध्यस्थ संकेतस्थळावरून ‘राजवाडा प्रवेश, रांगेविना’ अशी तीन तिकिटे घेऊन ठेवली होती. साडेअकरा वाजता समुद्राकडच्या कांस्य दरवाजासमोर आमचा प्रतिनिधी भेटेल, असे त्यावर लिहिले होते.

आम्ही सव्वाअकरालाच तेथे उभे राहिलो. साडेअकरा झाले, बारा वाजले, तरी कोणी आले नाही. तिकिटावरच्या क्रमांकावर घंटी वाजत राही आणि आपोआप बंद पडे. संदेशांना उत्तर नव्हते. दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या त्या भिंतीवर ऊन सरळ येते आणि समोरच्या फरसबंदीवरून परत डोळ्यांवर येते. आईने पायरीवर टेकण्यासाठी हात ठेवला आणि चटका बसून लगेच उचलला. समोरून माणसे खुशाल आत जात होती, बाहेर येत होती, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायकासुद्धा गेल्या, तेव्हा बाबा म्हणाले, “अगं, आपणही नुसतं आत जाऊन बघू या का?” मी त्यांना थांबवले. आपण जागेवरून हललो आणि तेवढ्यात तो माणूस येऊन गेला तर पैसे बुडतील, ही भीती माझ्या डोक्यात बसली होती. बाबांचे ऐकायला हवे होते.

शेवटी आई सावलीसाठी म्हणून दरवाजातून चार पावले आत गेली. तेथून वर चौकाकडे जाणाऱ्या दगडी बोळात दोन्ही बाजूंना छोटी दुकाने आहेत. लव्हेंडरच्या पुरचुंड्या विकणाऱ्या बाईंनी आमचा मोबाइल पाहिला आणि मान हलवून मोडक्या इंग्रजीत सांगितले की येथे दाराला तिकीट नसतेच, हे गाव आहे, लोक राहतात येथे. तेव्हा पावणेएक वाजला होता.

त्या म्हणाल्या ते अक्षरशः खरे आहे. इ.स. 305 मध्ये सम्राटपद सोडून डायोक्लेशियन येथे राहायला आला. पुढे सातव्या शतकात जवळचे सलोना शहर उद्ध्वस्त झाल्यावर तेथील लोकांनी याच तटबंदीत आसरा घेतला आणि तेव्हापासून राजवाड्याच्या आत वस्ती आहे. चारही दरवाजे उघडे असतात. तिकीट लागते ते फक्त आतल्या काही ठिकाणांना: तळघराची दालने, कॅथीड्रल, त्याचे घंटाघर. ते तेथल्या तेथे खिडकीवर मिळते. तळघराचे आम्हाला पाच मिनिटांत मिळाले. पैसे युरोतच द्यावे लागतात, कारण 2023 पासून तेथे युरो आहे.

त्याच वर्षी क्रोएशिया शेंगेनमध्येही, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातही, आला, म्हणून एकदाच प्रवेशाचा व्हिसा असणाऱ्यांनी दुब्रोव्निकची बस पेल्येशात्स पुलावरून जाते की बोस्नियातील नेउममधून, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यावे. नेउममार्गे गेल्यास शेंगेनबाहेर पाऊल पडते.

तळघर मात्र कोणीही चुकवू नये. वरची शाही दालने बहुतेक नष्ट झाली, पण त्यांना पेलण्यासाठी खाली बांधलेल्या खोल्या त्याच आराखड्याच्या आहेत, त्यामुळे वर काय होते ते खाली चालून कळते. शतकानुशतके त्या कचऱ्याने भरलेल्या होत्या, म्हणूनच टिकल्या. बाबा स्थापत्य अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. कमानीचे दगड जेथे भिंतीला मिळतात त्या सांध्यावर ते बराच वेळ बोट फिरवत राहिले. मी एकदाही घाई केली नाही.

वर पेरिस्टाइल चौकात इजिप्तहून आणलेला काळ्या ग्रॅनाइटचा स्फिंक्स आहे. त्याच्याजवळ आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. शेजारचे कॅथीड्रल म्हणजे डायोक्लेशियनची मूळ समाधी. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या सम्राटाच्या थडग्याचे चर्च झाले, ते आतून पाहण्याची माझी फार इच्छा होती. आत जाताना खांदे झाकलेले असावेत म्हणून आईने ओढणीही बरोबर घेतली होती. पण सामान सोडवून बस गाठायची होती. कॅथीड्रल राहिले आणि घंटाघरही राहिले. फरसबंदी झिजून इतकी गुळगुळीत झाली आहे की आईला हात धरूनच उतरवावे लागले. चांगल्या पकडीच्या तळव्याची पादत्राणे घालावीत.

पैशांसाठी मी त्या संकेतस्थळाला तीनदा लिहिले. ठरल्या वेळी आपण उपस्थित नव्हता, असे उत्तर आले.