पंख्यात दोर

ऑस्ट्रेलियातल्या होबार्टमधलं माझं पहिलं घर मूना भागात होतं. घर कसलं, मागची एक खोली. पुढे घरमालक राहायचे. वय सत्तर, सगळं आयुष्य शेवंडं पकडण्यात गेलेलं. इथे सत्तरीच्या माणसालाही सरळ नावाने हाक मारतात. माझ्या जिभेला ते वर्षभर जमलं नाही, म्हणून मी हाकच मारायचे नाही, नुसती समोर जाऊन उभी राहायचे. इथे लिहिताना त्यांना आजोबा म्हणते, त्यांना काही कळणार नाही.

गोष्ट २००९च्या हिवाळ्यातली. म्हणजे जून-जुलै, इथलं सगळं उलटं. बाहेर चार-पाच डिग्री, आणि घरात हीटर एकच, तोही आजोबांच्या टीव्हीसमोर. त्यामुळे टीव्हीवर काहीही असलं तरी मी आणि दुसरी भाडेकरू, ओसाकाहून इंग्रजी शिकायला आलेली एक मुलगी, तिथेच जाऊन बसायचो. शुक्रवारी असायचं 'व्हेल वॉर्स'.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. 'अ‍ॅनिमल प्लॅनेट'वर २००८च्या नोव्हेंबरमध्ये ही मालिका सुरू झाली. 'सी शेफर्ड' नावाच्या संघटनेची जहाजं अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात जायची आणि देवमासे मारणाऱ्या जपानी ताफ्याच्या मागे लागायची. संघटनेचा कप्तान पॉल वॉटसन. पांढरी दाढी, जाडजूड अंग, काळा स्वेटर. आधी ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेत होता, १९७७ला तिथून बाहेर पडून त्याने स्वतःचा सवतासुभा मांडला. हत्यारं म्हणाल तर ब्युटिरिक आम्लाच्या बाटल्या (खवट लोण्याला जो वास येतो तो याचाच), जपानी जहाजांच्या पंख्यात (जहाज पुढे ढकलणारा, पाण्याखालचा) अडकवायला लांबलचक दोर, आणि बेफिकिरी. पलीकडून उत्तराला पाण्याचे फवारे आणि कान किटवणारं एक ध्वनियंत्र. सगळा खेळ बर्फाच्या तुकड्यांमधून.

आणि या खेळाचं एक टोक आमच्या गावात होतं. त्यांचं 'स्टीव्ह अर्विन' जहाज होबार्टहून निघायचं, डिझेल संपलं की होबार्टलाच परत यायचं. अंटार्क्टिकाला जायला जगात फार थोडी बंदरं सोयीची आहेत, त्यातलं हे एक. म्हणजे टीव्हीवर जे जहाज बर्फात अडकलेलं दिसायचं, तेच एखाद्या शनिवारी सालामांका बाजारात बटाटे घ्यायला गेलं की धक्क्याला लागलेलं असायचं. काळा रंग, वर कवटीचं चिन्ह, बाजूला पर्यटकांची रांग. मीही एकदा रांगेत उभी राहिले. आतलं मला आठवतं ते स्वयंपाकघर. जहाजावर मांस-मासळी सोडाच, दूध-अंडंसुद्धा चालत नाही. मसूर, राजमा, सोयाबीन यांची पोती होती. हर्णैच्या मुलीला वाटलं, समुद्रात जाऊन मासा खायचा नाही म्हणजे श्रावण बारा महिने!

पण मला सांगायचंय ते आमच्या हीटरपुढल्या बैठकीबद्दल. एकच मालिका, तीन प्रेक्षक. तिघांनी तीन वेगळ्या मालिका पाहिल्या.

आजोबा पाहायचे ते होड्या. पहिल्या पर्वात एक प्रसंग आहे: जहाजावरून रबरी होडी पाण्यात सोडताना ती उलटते आणि आतली माणसं त्या गोठवणाऱ्या पाण्यात पडतात. वाचली सगळी. पण आजोबा खुर्चीतून उठून टीव्हीपाशी गेले आणि पडद्यावर बोट ठेवून आम्हाला समजावत राहिले, की पुढचा दोर आधी सोडला, मागचा तसाच राहिला, जहाज चालतंय, मग दुसरं काय होणार. त्यांना देवमाशांचा कळवळा नव्हता असं नाही. देवमासे मारायला त्यांचा विरोधच होता, इथे बहुतेकांचा असतो. पण हौशी पोरांना घेऊन त्या समुद्रात जाणाऱ्या कप्तानाला ते कधी माफ करू शकले नाहीत. "देवमासा वाचवायला निघालेत, आधी ह्यांना कोण वाचवणार?" हे वाक्य दर शुक्रवारी एकदा तरी व्हायचंच.

खरं सांगू का, मालिकेत देवमासा फार कमी दिसतो. दिसतात ती माणसं: थकलेली, भांडणारी, समुद्र लागून ओकणारी. धुक्यात जपानी जहाज शोधण्यात भागच्या भाग जातात आणि मागे असं संगीत, की समोर जणू पानिपतच उभं आहे. मला आधी वाटायचं, हे निसर्गावरचं काहीतरी आहे. तिसऱ्या शुक्रवारी कळलं की ही आपल्याकडच्या सासू-सुनेच्या मालिकेचीच बहीण आहे, फक्त साडीऐवजी लाइफ जॅकेट.

आता त्या ओसाकाच्या मुलीबद्दल. पहिले दोन शुक्रवार ती काही बोलली नाही. तिसऱ्या वेळी बाटली जपानी जहाजावर फुटली आणि आजोबा हसले, तेव्हा ती हळूच म्हणाली की तिच्या आजोबांच्या काळी शाळेच्या डब्यात देवमाशाचं मांस असायचं. युद्धानंतरची उपासमार, दुसरं मांस परवडायचं नाही. तिने स्वतः एकदाच खाल्लं होतं, आवडलंही नव्हतं. "पण हा कार्यक्रम बघते ना, तेव्हा वाटतं की आता जाऊन खावं." एवढं बोलून ती चहा करायला उठली. आजोबांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं आणि त्यांनी तसं दाखवलं नाही.

मला ते वाक्य अजून पुरतं पचलेलं नाही. कारण ते मला समजलं होतं. आपल्या घरातली एखादी वाईट चाल आपणच मोडायला निघालेलो असतो, आणि तेवढ्यात शेजारी दारात उभा राहून शिव्या देतो. मग माणूस चाल सोडून शेजाऱ्यालाच धरतो.

होबार्टचं स्वतःचं अंगणही काही स्वच्छ नाही बरं का. सालामांकाची ती पिवळसर दगडी गोदामं, जिथे आता कॉफी आणि चित्रं विकतात, ती देवमाशांच्या शिकारीच्या भरभराटीतली आहेत. १८०४मध्ये पहिल्या वसाहतीबरोबर आलेल्या पाद्र्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय की डरवेंट नदीत देवमासे इतके, की होडीने जाणं धोक्याचं. काही दशकांत ते संपवले. ऑस्ट्रेलियातलं शेवटचं शिकार केंद्र, पश्चिमेकडच्या ऑल्बनीजवळचं, बंद झालं ते थेट १९७८ला. म्हणजे आजोबांच्या ऐन तारुण्यात हा त्यांच्या देशातला कायदेशीर धंदा होता. मी एकदा हे काढलं तर म्हणाले, "हो, आणि बंद केला ना?" हे उत्तर बरोबर आहे की चोख पळवाट, मला ठरवता आलेलं नाही.

२०१०च्या जानेवारीत प्रकरण चिघळलं. सी शेफर्डकडे 'एडी गिल' नावाची एक भन्नाट नौका होती: तीन सांगाड्यांची, कार्बन फायबरची, दिसायला परग्रहावरून आल्यासारखी. आधीच्या नावाने तिने २००८मध्ये ६१ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केलेली. ६ जानेवारीला 'शोनान मारू-२' या जपानी जहाजाची धडक बसून तिचं नाकच तुटलं, आणि पुढे ती बुडाली. दोन्ही बाजूंनी आपापले व्हिडिओ दाखवले. आमच्या बैठकीत त्यावर रात्री अकरापर्यंत वाद. आजोबा म्हणत, छोट्याने मोठ्याच्या तोंडासमोर थांबायचंच कशाला. ती मुलगी म्हणे, व्हिडिओ परत लावा. मी म्हणे, आता पुरे. न्यूझीलंडच्या चौकशीत पुढे दोघांनाही दोष दिला गेला.

पुढचा भाग तर कुणी लिहिलेल्या नाटकातही खपला नसता. त्या नौकेचा कप्तान पीट बेथ्यून फेब्रुवारीत रात्रीच्या अंधारात जेट स्कीवरून जाऊन त्याच शोनान मारूवर चढला. कशाला? जपानी कप्तानाला 'अटक' करायला आणि बुडालेल्या नौकेचं तीस लाख डॉलरचं बिल द्यायला! अर्थात अटक त्यालाच झाली. टोकियोच्या न्यायालयाने जुलैमध्ये दोन वर्षांची शिक्षा सुनावली, ती स्थगित ठेवून त्याला घरी पाठवलं. घरी आल्यावर तो म्हणायला लागला, की नौका बुडाली नाही, प्रसिद्धीसाठी वॉटसनच्याच सांगण्यावरून आम्ही ती बुडवली. वॉटसनने साफ नाकारलं. मला वाटतं, तिथून पुढे होबार्टमध्येही लोक ही मालिका जरा संशयानेच बघायला लागले. त्याआधीही २००८ला, छातीवरच्या जाकिटात जपान्यांची गोळी लागली असं वॉटसनने कॅमेऱ्यासमोर दाखवलं होतं. जपानचं म्हणणं, आम्ही फक्त आवाजाचे बॉम्ब फेकले. काय खरं मानायचं ते ज्याने त्याने आपल्या पक्षाप्रमाणे ठरवलं.

मग या सगळ्याचा उपयोग झाला का? मला विचाराल तर झाला. २०११च्या फेब्रुवारीत जपानी ताफा हंगाम अर्धवट टाकून माघारी फिरला. लक्ष्य साडेआठशेच्या आसपास होतं, हाती लागले १७२. एकेका देवमाशाच्या हिशोबाने पाहिलं तर त्या हौशी पोरांनी पुष्कळ वाचवले. पण शिकारीच्या मुळावर घाव घातला तो सूट घातलेल्या माणसांनी, हेगमध्ये. ऑस्ट्रेलियाने २०१०मध्ये जपानविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि ३१ मार्च २०१४ला १२ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला, की संशोधनाच्या नावाखाली चाललेली जपानची ही शिकार 'वैज्ञानिक संशोधन' या व्याख्येत बसत नाही. सुमारे ३६०० मिंक देवमासे मारून जपानला दाखवता आले ते दोन शोधनिबंध! त्या सुनावणीवर मालिका कोण काढणार? कागद उलटताना मागे कुठलं संगीत लावायचं?

अर्थात जपानने पळवाट शोधली, नवा कार्यक्रम आखून ३३३चं लक्ष्य ठेवून पुन्हा अंटार्क्टिकाला गेला. २०१७ला सी शेफर्डने जाहीर केलं की आता आम्ही तिथे जात नाही, जपानी ताफा उपग्रहावरून आम्हाला बघतो. आणि २०१९ला जपान देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगातूनच बाहेर पडला, अंटार्क्टिका सोडून आपल्याच किनाऱ्यालगत उघडपणे व्यापारी शिकार करू लागला. जिंकलं कोण? ओसाकाची मुलगी आता दोन मुलांची आई आहे. तिला विचारलं तर म्हणाली, आमच्याकडच्या दुकानात ते मांस दिसतच नाही गं, कोण खातं?

२०२४च्या जुलैमध्ये वॉटसनला ग्रीनलंडमध्ये पकडलं, त्याच २०१०च्या प्रकरणात जपानच्या मागणीवरून. आजोबांना फोन केला. तेव्हा पंचाऐंशी वर्षांचे होते, वृद्धाश्रमात असायचे. म्हणाले, "त्र्याहत्तराव्या वर्षी तुरुंग? पोरगाच आहे अजून." डिसेंबरमध्ये डेन्मार्कने त्याला जपानच्या हवाली करायला नकार देऊन सोडून दिलं. तेही त्यांनी मला आधी सांगितलं.

मागच्या वेळी हर्णैला गेले तेव्हा मामाला मोबाइलवर ही मालिका दाखवली. मामा तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. चाळीस वर्षं समुद्रावर. आमच्याकडे देवमासा मारणं सोडा, लांबून पाण्याचा फवारा दिसला तर म्हातारी माणसं अजून हात जोडतात. त्यामुळे वाटलं, मामा वॉटसनच्या बाजूने उभा राहील. त्याने वीसेक मिनिटं गप्प बसून पाहिलं. मग ती मुलं जपानी जहाजाच्या पुढ्यात दोर सोडतात ते दृश्य आलं आणि मामाने मोबाइल खाली ठेवला.

"पंख्यात दोर टाकतात?"

"हो, म्हणजे त्यांनी देवमासे मारू नयेत म्हणून..."

"कशासाठी पण असूदे. खोल पाण्यात कुणाच्या पंख्यात दोर टाकायचा नाही. वारा सुटला म्हणजे?"

मामी म्हणाली, अहो, पण ते बिचाऱ्या देवमाशाला मारतात ना. मामा म्हणाला, ते वाईटच. पण दोर टाकायचा नाही. पुढे तासभर मी हेग, कायदा, संशोधन सगळं सांगून पाहिलं. मामा मान हलवत होता आणि जाळ्याचा फाटका भाग विणत होता.

गेल्या महिन्यात त्याने मला एक व्हिडिओ पाठवला. त्याच्या जाळ्यात मोठं कासव अडकलं होतं, ते जाळं कापून सोडलं. अशा प्राण्यांसाठी जाळं कापलं तर सरकार २०१८पासून भरपाई देतं, पंचवीस हजारांपर्यंत, पण सोडल्याचा पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. अर्ज भरायला मदत कर, म्हणून मला पाठवलेला. चाळीस-एक सेकंदांचा आहे. कॅमेरा निम्मा वेळ आकाशाकडे, मागे मशीनची धडधड. मामाचे हात कोयत्याने जाळं कापताना दिसतात, नव्यासारखं जाळं, मधोमध कापतोय. मग पाण्यात एक धप्प आवाज, आणि धरणाऱ्या पोरावर मामाचं ओरडणं ऐकू येतं:

"अरे, आलं काय त्यात? का परत पकडू?"