भाच्याचा प्रश्न: बिटकॉइन रुपयाची जागा घेईल का?

हिंजवडीला नोकरी करणारा माझा भाचा मागच्या महिन्यात एका रविवारी नारायण पेठेतल्या आमच्या घरी जेवायला आला होता. पाने उचलल्यावर त्याने मला विचारले, "मामा, आजीची ठेव सहकारी बँकेत अडकली तेव्हा तुम्ही स्वतः बँकेत अधिकारी होतात, तरी तुम्हांला तिचे पैसे सोडवता आले नाहीत. मग मी माझी बचत बिटकॉइनमध्ये ठेवतो, त्याची तुम्हांला एवढी काळजी का वाटते?" प्रश्न रास्त होता आणि त्या दिवशी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते येथे लिहितो आहे.

आईच्या बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा ठेवींवरचा विमा फक्त 1 लाख रुपयांचा होता. फेब्रुवारी 2020 मध्ये तो 5 लाखांचा झाला, आणि 2021 मधील कायद्याच्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम 90 दिवसांत मिळण्याची सोय झाली. आईला यांपैकी कशाचाच उपयोग झाला नाही. पासबुक पिशवीत घालून ती शाखेत जाऊन बसत असे, ते मी पाहिले आहे. त्यामुळे बँकांवरचा भाच्याचा अविश्वास मला पोरकट वाटत नाही. बिटकॉइन या कोणत्याही सरकारच्या वा बँकेच्या हाती नसलेल्या संगणकी नाण्याचा जन्मच अशा अविश्वासातून झाला. त्याचा आराखडा 31 ऑक्टोबर 2008 रोजी, जगभरच्या बँका डळमळत असताना प्रसिद्ध झाला, आणि 3 जानेवारी 2009 च्या पहिल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे त्याच्या हिशेबवहीच्या पहिल्या पानावर, निर्मात्याने बुडत्या बँकांना सरकारी मदत देण्यासंबंधीचा लंडनच्या वृत्तपत्रातला त्या दिवसाचा मथळा नोंदवून ठेवला. हिशेबाची वही एका पेढीच्या ताब्यात न राहता हजारो संगणकांवर सारखीच राहावी आणि कोणालाही एकट्याने तीत खाडाखोड करता येऊ नये, ही कल्पना मी तीस वर्षे खतावण्या तपासल्यानंतरही थोर मानतो.

मात्र खाडाखोड न होणारी वही आणि चलन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बिटकॉइनची एकूण संख्या 2 कोटी 10 लाखांच्या पुढे जाणार नाही, आणि साधारण दर चार वर्षांनी नव्या नाण्यांची आवक निम्मी होते. एप्रिल 2024 पासून वहीला नवा ब्लॉक जोडणाऱ्याला प्रत्येक ब्लॉकमागे 3.125 नवी नाणी मिळतात. सरकार मनाला येईल तशा नोटा छापते, या तक्रारीवरचे ते उत्तर आहे. पण संख्या बांधलेली असली की मागणीतला प्रत्येक चढउतार किमतीलाच सोसावा लागतो. नोव्हेंबर 2021 मध्ये सुमारे 69 हजार डॉलरला गेलेले बिटकॉइन वर्षभरात 16 हजारांच्याही खाली आले होते.

ही घसरण सर्वांना दिसते. मला त्याहून मोठी अडचण चढत्या किमतीत दिसते, कारण चलनाचे खरे काम खरेदीइतकेच कर्जातही असते. समजा, 2020 च्या सुरुवातीला, म्हणजे एका बिटकॉइनची किंमत सुमारे सात हजार डॉलर असताना, कोणी कोथरूडला घर घेण्यासाठी बिटकॉइनमध्येच फेडायचे वीस वर्षांचे कर्ज काढले असते, तर दोन वर्षे पुरी होण्याआधी त्याच्या डोक्यावरचा बोजा रुपयांत मोजला असता नऊपटींहून अधिक झाला असता, आणि पगार मात्र होता तेवढाच राहिला असता. असे कर्ज कोणी शहाणा माणूस काढणार नाही आणि कोणी जबाबदार बँक देणार नाही. ज्या पैशात घराचे हप्ते, भाडे आणि पगार ठरवता येत नाहीत, तो पैसा रुपयाची जागा कशी घेणार, हे मला समजत नाही.

शिवाय महापालिकेचा मिळकत कर असो वा आयकर, भरायचा तो रुपयांतच, आणि रुपयाला मागणी राहण्याचे ते एक भक्कम कारण आहे. एप्रिल 2022 पासून आपल्याकडे अशा आभासी मालमत्तेवरील नफ्यावर 30 टक्के कर आहे व तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. म्हणजे किराणा सामान बिटकॉइन देऊन घेतले तरी आधी त्या तुकड्याची खरेदी-किंमत शोधून नफा काढावा लागेल. एल साल्वाडोरने सप्टेंबर 2021 मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलनाचा दर्जा दिला होता. जानेवारी 2025 मध्ये कायदा बदलून ते स्वीकारण्याची दुकानदारांवरची सक्ती काढून टाकावी लागली. अनेक नाणी एकाच बाजारात चालण्याचा अनुभव पुण्यालाही आहे. पेशवाईत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये येथे चालत, सराफ ते पारखून बट्टा कापत, आणि तो बट्टा नाण्यांची पारख नसलेल्या सामान्य माणसाला सोसावा लागे.

रुपयाची जागा राहू द्या, सोन्याची जागा तरी बिटकॉइन घेईल का? येथे माझे मत तितके ठाम नाही. सोनेही पडते: जानेवारी 1980 मध्ये औंसाला 850 डॉलरवर गेलेला भाव पुन्हा तेथे पोहोचायला 2008 उजाडले, आणि मधल्या काळातली महागाई धरली तर नुकसान फार मोठे होते. तेव्हा सोने म्हणजे अढळ मूल्य, असे मी भाच्याला सांगणार नाही. पण आईच्या पाटल्या आम्ही दोनदा गहाण ठेवल्या आणि दोनदा सोडवल्या. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाने त्या कसाला लावल्या, वजन केले आणि तासाभरात पैसे हातात दिले. त्या ठेवायला आणि सोडवायला पासवर्ड लागला नव्हता. बिटकॉइन ज्याच्याजवळ किल्ली त्याचे असते, आणि ती किल्ली म्हणजे बहुधा 12 किंवा 24 गुप्त शब्द असतात. ते दुसऱ्याच्या हाती पडले की नाणीही त्याचीच. मार्च 2022 मध्ये पुणे पोलिसांनी क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी नाण्यांच्या, फसवणुकीच्या तपासात त्यांनाच मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांना अटक केली. तपासातील क्रिप्टो परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. बँकेने आईला छळले, पण तिथे अर्ज करायला खिडकी होती, वर ठेवींचा विमा उतरवणारे महामंडळ होते आणि त्याही वर न्यायालय होते. हरवलेल्या शब्दांसाठी अर्ज घेणारे कोणी नाही.

हे सर्व मी भाच्याला फोनवर सांगितले. बचतीचा दहावा हिस्साच तिकडे ठेवायचे त्याने कबूल केले, आणि तेवढ्याला माझी हरकत नाही. मग मी विचारले, "ते शब्द तुझ्या बायकोला माहीत आहेत का?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि नाही म्हणाला. पुढच्या रविवारी ती दोघे येणार आहेत. मृत्युपत्र अनेकांच्या हातांतून जाते, त्यामुळे ते शब्द त्यात लिहिता येत नाहीत. तो कागद कोठे ठेवायचा आणि त्याच्या माघारी तो तिच्या हाती कसा पडावा, एवढेच आम्हांला त्या दिवशी ठरवायचे आहे.