राजीनामा दिला, पण सही करायला माणूसच उरला नव्हता

मी राजीनामा दिला २९ फेब्रुवारी २०२४ ला आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, हातात पडलं १० जुलैला. त्या सव्वाचार महिन्यांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय. दुकान बसत चाललंय आणि आपण निघायचं म्हणतोय, अशा कुणाला उपयोग होईल.

नाशिकमध्ये एका कपड्यांच्या शोरूममध्ये मी जानेवारी २०१८ ला सेल्सवर लागले. पुढे इन्वर्ड (आलेला माल मोजून नोंदवणं) आणि स्टॉक माझ्याकडे आला. धंदा खाली चाललाय हे मला हँगरवरून कळलं. पूर्वी रॅकवर दोन हँगरमध्ये बोट शिरायचं नाही. शेवटच्या वर्षी आम्ही चार-चार बोटं अंतर ठेवून रॅक भरलेला दाखवत होतो. एम आणि एल साइज संपली की परत यायचीच नाही. गिऱ्हाईक कपडा अंगाला लावून बघायचं, साइज विचारायचं आणि निघून जायचं. मग पगार सातचा पंधरा तारखेला व्हायला लागला. अकरा जणांचे आम्ही पाच उरलो.

नवी नोकरी मिळणं सोपं गेलं. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स विभागात जागा होती. मुलाखतीत विचारलं, सिस्टीममध्ये शंभर नग आणि रॅकवर ब्याण्णव, तर आधी काय बघाल? मी म्हटलं, आधी वाटेत असलेला माल आणि न चढवलेली चलनं बघेन, चोरीचा संशय सगळ्यात शेवटी. तिथेच काम झालं. कपड्यांच्या दुकानातला अनुभव बाहेर चालत नाही असं मला सहा वर्षं वाटत होतं, ते चूक निघालं. बायोडेटात ‘सेल्स’ एवढंच लिहू नका. इन्वर्ड, स्टॉकटेक (मालाची मोजणी), बारकोड, शाखांमधली मालाची ने-आण, सगळं लिहा.

नोटीस पूर्ण केली. शेवटचा दिवस ३१ मार्च, रविवार. आमच्या धंद्यात रविवारी सुट्टी नसतेच. दुसऱ्या दिवशी नव्या ठिकाणी रुजू झाले. त्यांची एकच अट होती, साठ दिवसांत जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर.

अडकलं ते इथे. लेटर हवं तर आधी ‘नो ड्यूज’चा, म्हणजे माझ्याकडे काही देणं बाकी नाही असा फॉर्म, त्यावर तीन सह्या. स्टोअर मॅनेजर सरांनी तिथल्या तिथे सही दिली. दुसरी सही एरिया मॅनेजरची, तर त्यांनी माझ्या आधी पंधरा दिवस राजीनामा दिलेला आणि त्यांच्या जागी कुणी आलेलंच नव्हतं. तिसरी मुंबईच्या हेड ऑफिसमधल्या एचआरची. तिथल्या मॅडम फोन उचलायच्या आणि म्हणायच्या, “एरिया मॅनेजरची सही आणा, मग बघू.” मी म्हणायचे, “मॅडम, ते आता कंपनीत नाहीत.” त्या म्हणायच्या, “मग नवीन येईपर्यंत थांबा.” एप्रिल असाच गेला. रोज जेवणाच्या सुट्टीत मी शेडबाहेर उभी राहून हेच संभाषण करत होते. मे महिन्यात त्या मॅडमही सोडून गेल्या. नंबर लागेना, मेल परत यायला लागले.

त्यानंतर अकाउंट्समधून मेल आला. माझ्या काळातल्या स्टॉकमध्ये ३८ कुर्त्यांचं शॉर्टेज, प्रत्येकी १,२९९ रुपये, एकूण ४९,३६२. माझी ग्रॅच्युइटी, म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल सोडताना मिळणारी रक्कम, ४५,००० होत होती. म्हणजे सहा वर्षं राबून वर मीच त्यांना ४,३६२ रुपये देणं लागत होते. तो मेल वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांपेक्षा चोरीचा वास अंगाला चिकटला, हे जास्त लागलं.

ते कुर्ते कुठे गेले हे मला पाठ होतं. जानेवारीत पुण्याच्या शाखेला मी स्वतः खोक्यात भरून पाठवले होते. ती शाखा त्याच आठवड्यात बंद झाली, माल तिकडे कुणी सिस्टीममध्ये चढवलाच नाही आणि आकडा माझ्या नावावर लटकत राहिला. सुदैवाने ट्रान्सफर नोटचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. खाली गाडीवाल्याची सही, तारीख, खोक्यांची संख्या. माझी सवयच होती, गाडी हलायच्या आत फोटो काढायचा. तुम्हीही काढत जा.

फोटो जोडून पत्र लिहिलं. ग्रॅच्युइटीचा रीतसर अर्ज, फॉर्म आय, सोबत लावला. हिशोबही मांडून दिला: शेवटचं बेसिक (मूळ पगार) १३,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६ वर्षं. आणि स्पष्ट लिहिलं की मी राजीनामा देऊन गेलेय, मला काढलेलं नाही, तेव्हा कायद्याने ग्रॅच्युइटीतून शॉर्टेज कापता येत नाही. तीस दिवसांत पैसे आले नाहीत तर कायदेशीर तक्रार करेन. रजिस्टर ए.डी.ने पाठवलं. फोनवर दोन महिने जे हललं नाही ते पोचपावतीने हललं. जुलैत लेटर आलं, महिनाअखेर पैसेही आले. शॉर्टेजचा शब्दही कुणी काढला नाही. माफीही मागितली नाही, हे मी विसरलेले नाही.

तोवर नव्या कंपनीने थांबून घेतलं ते एकाच कागदामुळे, राजीनामा स्वीकारल्याचा मेल. सर तोंडी “ठीक आहे” म्हणाले होते. मीच मागे लागून त्यांच्याकडून दोन ओळींचा मेल घेतला होता.

पीएफचं काम मात्र माझं मीच केलं. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नव्हती, आणि ती नसेल तर जुना पीएफ नव्या खात्यात जात नाही. पण शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ती आपल्यालाही भरता येते. पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एग्झिट’, मग आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी. तारीख नीट बघून टाका, तेव्हा ती नंतर आपल्याला बदलता येत नव्हती. मी जूनमध्ये भरली आणि ट्रान्सफरचा अर्ज केला. बरेच जण म्हणाले पैसे काढून घे. मी काढले नाहीत, कारण पेन्शनला दहा वर्षं लागतात आणि माझी सहा त्यात धरली जाणार आहेत.

पीएफचं पासबुक मात्र नोकरी सोडायच्या आधीच उघडून बघा. पगारातून कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हायला हवा. दुकान अडचणीत आलं की तो उशिरा पडायला लागतो. माझा मार्चचा हप्ता एप्रिलअखेर पडला.

माझी जुनी सोबतीण, जिला मी ताई म्हणते, अजून तिथेच आहे. आठ वर्षं झाली तिला. गेल्या रविवारी मला सुट्टी होती, तिला नव्हती. रात्री दुकान बंद झाल्यावर ती घरी आली. दोघींनी बसून तिच्या सगळ्या पगारपावत्या डाउनलोड केल्या आणि माझ्या बायोडेटावरून तिचा लिहायला घेतला. साडेअकरा वाजले, पण अर्धा झालाय.