तुम्ही विचारलंत म्हणून: छोटा फुटबॉल क्लब बुडतो कसा?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने आवडीने बघणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. ज्या देशात एकेका खेळाडूला आठवड्याला लाखो पौंड मिळतात, तिथेच शंभर-सव्वाशे वर्षं जुना क्लब पाच-दहा लाख पौंडांसाठी बंद कसा पडतो? विचारणाऱ्याच्या मनात चित्र असं असतं की संघ हरत गेला, प्रेक्षक आटले आणि क्लब संपला.

मग बरी (Bury) या गावाचं उदाहरण घ्या. मँचेस्टरच्या उत्तरेला असलेल्या या गावातला क्लब १८८५ सालचा. १९०० आणि १९०३ मध्ये एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली मोठी बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकलेला. २०१८-१९ च्या हंगामात तो लीग टूमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या चौथ्या पातळीवर, दुसरा आला आणि वरच्या लीगमध्ये गेला. त्याच वसंतात खेळाडूंचे पगार थकले होते. क्लब डिसेंबर २०१८ मध्ये अवघ्या एका पौंडाला विकला गेला होता, कारण घेणाऱ्याच्या गळ्यात क्लबसोबत कर्जही पडत होतं. नव्या मालकाकडे पुरेसा पैसा आहे याचा पुरावा इंग्लिश फुटबॉल लीगला, म्हणजे दुसरी ते चौथी पातळी चालवणाऱ्या संस्थेला, मिळाला नाही आणि २७ ऑगस्ट २०१९ रोजी बरीची लीगमधून हकालपट्टी झाली. बढती मिळून चार महिनेही झाले नव्हते.

जिंकणारा क्लबसुद्धा बुडतो, कारण त्याचा खर्च बारमाही असतो आणि उत्पन्न हंगामी. हे एकदा आकड्यांत मांडलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

लीग टूमध्ये २४ संघ. प्रत्येकाचे ४६ सामने, त्यातले २३ घरच्या मैदानावर. लीगच्या सामन्यात तिकिटांचं उत्पन्न यजमान क्लबकडेच राहतं, त्यामुळे बाहेरच्या २३ सामन्यांत गल्ला शून्य आणि प्रवासखर्च मात्र पूर्ण. एक्झिटरहून कार्लाइलला जायचं तर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर. म्हणजे बस, मुक्काम, जेवण. आता घरचं तिकीट २० पौंडांचं धरा. त्यातले ३.३३ पौंड व्हॅटचे, ते सरकारचे. उरले १६.६७. मुलं, ज्येष्ठ नागरिक आणि सीझन तिकीटवाले (अख्ख्या हंगामाचं तिकीट एकदम घेणारे) यांच्या सवलती वजा केल्या की माणशी सरासरी १२ पौंड हातात पडतात असं हिशेबापुरतं समजू. दर सामन्याला ३,००० प्रेक्षक धरले तर वर्षाचे ८,२८,००० पौंड.

समोरच्या रकान्यात २२ खेळाडू, सरासरी आठवडी पगार १,००० पौंड. या पातळीवर हा काही उधळपट्टीचा पगार नव्हे. एका खेळाडूचे वर्षाचे ५२,००० होतात. त्यावर मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा (पगारावरची सरकारी वर्गणी) एप्रिल २०२५ पासून ५,००० पौंडांच्या वरच्या रकमेवर १५ टक्के आहे, म्हणजे आणखी ७,०५०. बावीस जणांचे मिळून जवळपास १३ लाख पौंड. तिकीटविक्रीतून हे भागत नाही, आणि यात अजून प्रशिक्षक, फिजिओ, मैदान सांभाळणारा माणूस, वीज, विमा, कारभारी, पेन्शनचा वाटा यांपैकी काहीच धरलेलं नाही. सामना जिंकल्यावर द्यायचा बोनसही नाही. ही तफावत लीगकडून येणारा टीव्हीचा वाटा, जर्सीवरची जाहिरात, बार, ‘पाय’ (सारण भरून भाजलेला खाद्यपदार्थ) आणि चहा यांच्या विक्रीतून भरायची असते. तरीही उरली तर मालकाच्या खिशातून.

बार आणि पायला हलकं समजू नका. टीव्हीच्या पैशावर क्लबचा काहीच ताबा नसतो. इथे मात्र प्रत्येक प्रेक्षकामागे एक पौंड जास्त मिळाला तर वरच्याच हिशेबाने वर्षाचे ६९,००० पौंड होतात. म्हणून मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत रांग लांबली आणि लोक परत फिरले, तर ते थेट नुकसान असतं. जानेवारीत मैदान गोठलं आणि सामना सकाळी रद्द झाला, तर आणलेला माल वाया जातो, बोलावलेल्या माणसांचे पैसे द्यावे लागतात, आणि तोच सामना मंगळवारी रात्री खेळवताना शनिवारची गर्दी होत नाही.

आता वेळापत्रक. हंगाम ऑगस्टच्या सुरुवातीपासून मेपर्यंत. खेळाडूंचे करार मात्र ३० जूनला संपतात आणि दोन वर्षांचा करार असेल तर जुलैचाही पगार द्यावा लागतो. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टपर्यंत दारावर जवळपास काहीच येत नाही. या काळात क्लब जगतो तो सीझन तिकिटांवर, जी एप्रिल ते जूनमध्ये विकली जातात. म्हणजे येणाऱ्या हंगामाचा पैसा सरत्या हंगामाचे पगार भागवायला जातो. एकदा ही सवय लागली की दरवर्षी भोक थोडं मोठं होतं. फेब्रुवारीतच ‘लवकर घ्या, स्वस्त घ्या’ म्हणून पुढच्या वर्षाची तिकिटं विकायला काढली, तर तिजोरीत खडखडाट आहे का, हे विचारायला हवं.

बढतीने हे सुटेल असं वाटतं, पण बढतीनेच ते चिघळतं. करारातला बढतीचा बोनस लगेच द्यावा लागतो, वरच्या लीगचं वाढीव उत्पन्न मात्र नवा हंगाम सुरू झाल्यावर येऊ लागतं. शिवाय प्रत्येक जण वाढीव पगार मागतो, आणि पुढच्या वर्षी खालच्या लीगमध्ये घसरण झाली तर तो पगार खाली येत नाही. घसरण झाल्यास पगार ठरावीक टक्क्यांनी कमी होईल, हे कलम करारात नसणं ही छोट्या क्लबची सर्वांत महागडी चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मैदानाचाही असाच पेच आहे. पाचव्या पातळीवर, नॅशनल लीगमध्ये, कृत्रिम गवत चालतं. ते आठवडाभर शाळांना, हौशी संघांना, लहान मुलांच्या वर्गांना भाड्याने देता येतं, आणि सामने नसतानाही पैसे येतात. इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये ते चालत नाही. हॅरोगेट टाउन २०२० मध्ये आणि सटन युनायटेड २०२१ मध्ये लीग टूमध्ये आले, तेव्हा दोघांनाही आपलं कृत्रिम मैदान उखडून नैसर्गिक गवत लावावं लागलं. हॅरोगेटला तर हंगामाच्या सुरुवातीचे घरचे सामने डॉनकॅस्टरच्या मैदानावर खेळावे लागले. नैसर्गिक मैदानावर आठवड्यात मोजकेच तास खेळता येतं, त्यामुळे रोजचं भाडं गेलंच, वर देखभालीचा खर्च आला.

पैसा कमी पडला की पहिली कात्री कुठे लागते? वीज कंपनीला थकवलं तर ती वीज तोडते, खेळाडूंना थकवलं तर ते मैदानात उतरत नाहीत. थांबायला तयार असल्यासारखा एकच जण दिसतो, करखातं. खेळाडूच्या पगारातून कापलेला कर पुढच्या महिन्याच्या २२ तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणजे पगार झाल्यावर सुमारे तीन आठवडे तो पैसा क्लबच्या खात्यात पडून असतो. तो आपला नाही, हे विसरून एखाद्या महिन्यात तो दुसऱ्या बिलात गेला, की पुढच्या महिन्यात दुप्पट रक्कम उभी करावी लागते. काही महिन्यांनी करखातं कंपनी गुंडाळण्याचा अर्ज कोर्टात दाखल करतं. हा अर्ज सरकारी गॅझेटमध्ये छापून आला की बँका खातं गोठवतात. मग देणगीतून पैसे जमले तरी ते कोर्टाच्या परवानगीशिवाय खात्यातून काढता येत नाहीत आणि उरलेले पगारही अडतात.

मॅकल्सफील्ड टाउन याच वाटेने गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये पगार थकल्यामुळे मुख्य संघाने खेळायला नकार दिला. एफए कपमध्ये किंग्स्टोनियन या बऱ्याच खालच्या पातळीवरच्या संघासमोर क्लबने पोरसवदा संघ उतरवला आणि ०-४ असा हरला. त्या हंगामात वारंवार गुण कापले गेले, संघ लीगबाहेर फेकला गेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये कोर्टाने कंपनी गुंडाळायचा आदेश दिला. एकूण देणं ५ लाख पौंडांच्या थोडं वर होतं.

काही क्लब प्रशासकाच्या, म्हणजे बुडत्या कंपनीचा कारभार सांभाळायला नेमलेल्या माणसाच्या, हाती जाऊन वाचतात. त्याची शिक्षा १२ गुणांची कपात. पण तिथे एक नियम आहे जो मला कधीच पटलेला नाही. लीगमध्ये राहायचं तर खेळाडू, इतर क्लब आणि खुद्द लीग यांचं देणं पुरतं चुकवावं लागतं. उरलेल्यातून बाकीच्यांना पौंडामागे काही पेन्स मिळतात. बाकीचे म्हणजे गावातला छपाईवाला, पाय पुरवणारा बेकर, सामन्याला रुग्णवाहिका घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक. करखात्याने या नियमाविरुद्ध दावा लावला आणि २०१२ मध्ये तो हरलं. ज्या गावाच्या जिवावर क्लब उभा राहतो त्याच गावाला रांगेत शेवटी उभं करणं अन्यायाचं आहे.

पैसा उभा करायचे दोन मार्ग फार धोक्याचे. एक, मैदान. क्लबकडे विकण्यासारखी तेवढीच एक मालमत्ता असते. मालक ते वेगळ्या कंपनीच्या नावे करतो किंवा चढ्या व्याजाने गहाण टाकतो. क्लब आपल्याच घरात भाडेकरू होतो. दोन, खेळाडूंच्या विक्रीचे येणे असलेले हप्ते सावकाराला आधीच विकणं. खेळाडू विकल्याची किंमत बहुधा दोन-तीन वर्षांत हप्त्याने मिळते. ते हप्ते आज कमी रकमेला देऊन टाकले की पुढच्या वर्षीचा उन्हाळा आणखी कोरडा जातो.

टिकलेले क्लब काय करतात? एक्झिटर सिटी २००३ मध्ये लीगमधून बाहेर पडला आणि त्याच वर्षी समर्थकांच्या ट्रस्टने तो हाती घेतला. जानेवारी २००५ मध्ये एफए कपला ओल्ड ट्रॅफर्डवर ६७,५५१ प्रेक्षकांसमोर त्यांनी मँचेस्टर युनायटेडला ०-० असं रोखलं. कपमध्ये खर्च वजा जाता तिकिटांचे ४५ टक्के पाहुण्या संघाला मिळतात, त्यामुळे त्या एका दुपारने आणि पुढच्या फेरसामन्याने जुनी देणी फेडायला मोठा हात दिला. फेरसामन्याची वाट आता बंद आहे. २०२४-२५ पासून मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासूनचे फेरसामनेच रद्द झाले. पण एक्झिटरचा खरा आधार त्यांची अकादमी. तिथे घडलेल्या ओली वॉटकिन्सला त्यांनी २०१७ मध्ये ब्रेंटफर्डला विकलं आणि पुढच्या विक्रीतला वाटा करारात लिहून ठेवला. २०२० मध्ये तो अ‍ॅस्टन व्हिलाकडे गेला तेव्हा एक्झिटरच्या खात्यात पुन्हा पैसे आले. आजचे दहा हजार कमी घ्या, पण पुढच्या विक्रीतला वाटा सोडू नका, असं मी कुठल्याही छोट्या क्लबला सांगेन.

अकादमीही हमखास नाही. २०१२ च्या नियमांनी लहान मुलांची भरपाई ठरावीक करून टाकली. नऊ ते अकरा वयाच्या मुलासाठी तेव्हा वर्षाला ३,००० पौंड ठरले. मोठा क्लब तेवढे देऊन मुलगा घेऊन जातो. ब्रेंटफर्डने २०१६ मध्ये याच हिशेबाने आपली अकादमी बंद केली होती.

आपल्याकडे काय, हाही प्रश्न येतोच. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या अव्वल लीगचा, उपविजेता होता. २०१५ नंतर तो उरला नाही. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी महासंघाच्या नव्या लीग-आराखड्याच्या निषेधार्थ आय-लीगमधून अंग काढून घेतलं. इथे करखात्याचा प्रश्न नव्हता; एकाच घराण्याचं किंवा कंपनीचं मन फिरलं की क्लबचा आधार जात होता. कोल्हापूरचे तालीम संघ त्या मानाने चिवट आहेत. त्यांना पेठ सांभाळते, मालक नाही. पण सगळे सामने एकाच शाहू स्टेडियमवर होत असल्यामुळे स्वतःच्या मैदानाचं उत्पन्न अशी गोष्टच त्यांच्या हिशेबात येत नाही.

इंग्लंडमध्ये राहणारे काही जण पुढे विचारतात, की गावातल्या क्लबला मदत करायची तर पैसे कुठे घालू? आधी कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर क्लबच्या कंपनीचं नाव टाका. सगळं फुकट बघता येतं. हिशेब आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत दाखल व्हायला हवेत. उशीर असेल तर कारण विचारा. ‘चार्जेस’ या भागात मैदान कोणाकडे गहाण आहे ते दिसतं. मग जमिनीच्या नोंदणीत थोडी फी भरून मैदान नेमकं कोणाच्या नावावर आहे ते तपासा. क्लबच्या नावावर असेल तर सीझन तिकीट घ्या. दुसऱ्याच कंपनीच्या नावावर असेल, तर ते पैसे आधी समर्थकांच्या ट्रस्टच्या वर्गणीत घाला आणि त्यांच्या पुढच्या सभेत भाडेकराराची मुदत कधी संपते ते विचारा.